ठोंब्या

"हा बाक," ल्याव म्हणाला. "इथेच."

पी-युन त्या बाकावर बसली. पाणथळीच्या काठावरची ती लाकडी खोली अरुंद होती. समोरच्या भिंतीला डोळ्यांच्या उंचीवर आडव्या फटी ठेवलेल्या, पक्ष्यांना माणूस दिसू नये म्हणून. मागच्या महिन्यात तिचा नवरा ग्वो-शियांग इथे बसल्या बसल्या गेला. शेजारी ल्याव होता. दोघं शाळेपासूनचे मित्र. दर रविवारी सकाळी या दलदलीवर यायचे आणि दुपारी ताइपेच्या वनस्पती उद्यानात जायचे. पी-युन कधी त्यांच्याबरोबर आली नव्हती. काल तिनेच फोन केला, "भाऊजी, तुम्ही दोघं जायचात तसं मला एकदा न्या."

ओहोटी लागली होती. उघड्या पडलेल्या चिखलात बदकं चोची खुपसत होती. ल्यावने तिपाईवरची दुर्बीण लावून दिली.

"तो पांढरा दिसतोय? चपटी काळी चोच पाण्यात इकडून तिकडे फिरवतोय, तो. चमचा. हा दिसला की स्वारी दिवसभर खूश."

तिने पाहिलं. पांढरा पक्षी स्पष्ट दिसत होता.

"त्या दिवशी होता हा?"

"होता. माझं बघून झालं, म्हटलं, आता तू बघ. काही बोलला नाही. मला वाटलं, डुलकी लागली."

"हं."

ल्याव तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. अंत्यविधीलाही ती रडली नव्हती. तिची मुलगी ल्यावला म्हणाली होती, 'काका, तिथे गेल्यावर तरी आईला रडू येईल.'

पी-युनने पिशवीतून चहात उकडलेली अंडी काढली. एक सोलून त्याच्या हातात दिलं.

"त्या सकाळी मी जागी होते," ती म्हणाली. "ते अंधारात चाचपडत मोजे शोधत होते. माझी झोप मोडेल म्हणून दिवासुद्धा लावला नाही. मी डोळे मिटून पडून राहिले. उठले असते तर पेज करावी लागली असती."

ल्यावच्या हातातलं अंडं हातातच राहिलं.

"खा ना भाऊजी. गार होतंय."

दुपारी ते उद्यानात पोचले. तळ्यातली कमळं थंडीने करपून गेली होती. पलीकडच्या हिरवळीवर पाच-सहा जण मोठमोठे कॅमेरे लावून बसले होते. पी-युन हिरवळीच्या कडेने चालली होती, तेवढ्यात त्यांच्यातली एक बाई हलक्या आवाजात म्हणाली, "मावशी, जरा हलू नका हां."

पी-युन थांबली. झुडपातून एक तांबूस, गुबगुबीत बगळा तिच्याच रोखाने येत होता. दोन पावलं टाकायचा, मान पुढे काढून थिजल्यासारखा उभा राहायचा.

"ठोंब्या," ल्याव मागून कुजबुजला. "माणूस जवळ गेला तरी उडत नाही, म्हणून सगळे ठोंब्या म्हणतात. ग्वो-शियांगला राग यायचा. म्हणायचा, ठोंब्या कसला, मातीला कान लावून उभा आहे तो."

बगळा तिच्या बुटाशी आला. मान वाकडी करून जमिनीकडे बघत राहिला. मग एकदम चोच मारली आणि लांबलचक गांडूळ ओढून काढलं. ते तुटेल असं वाटलं, पण तुटलं नाही. त्याने ते गिळलं, तिच्या पायाला वळसा घातला आणि निवांत चालत पलीकडच्या नेच्यांत शिरला.

"किती स्तब्ध उभ्या राहिलात, मावशी," कॅमेरेवाली बाई म्हणाली. "आम्हाला इतक्या वर्षांत जमलं नाही."

पी-युन तशीच उभी राहिली. लोकांनी कॅमेरे आवरले, तिपाया मिटल्या. हिरवळ रिकामी झाली. ल्याव बराच वेळ वाट बघत राहिला. मग तिच्याजवळ गेला.

"वहिनी, गेला तो. आता हललात तरी चालेल."