उशिरा येणारं हसू

बाबांना ऐकू येईनासं झाल्यापासून जेवणाच्या टेबलावर धाकट्या लेकीचा जुना लॅपटॉप असायचा. बोलणं स्क्रीनवर उमटायचं, पण इतकं रखडत, की सगळे हसून पुन्हा जेवायला लागल्यावर बाबा एकटेच हसायचे. “हे डबडं टाक भंगारात,” काका म्हणायचे. लेकीने त्याचा वेग वाढवायचा चंग बांधला. प्रोसेसरचा ताल ठरवणाऱ्या ‘बस’चा, म्हणजे आतल्या माहितीच्या वाटेचा, वेग वाढवला, की मशीन गपगार. आठव्यांदा तिची ट्यूब पेटली: बसमागे फरफटताना मेमरीला धाप लागत होती. तिने मेमरीचा वेग उतरवला, मग बसचा हळूहळू चढवला. पंखा घोंगावला, पण मशीन टिकलं. दुपारी जेवताना काकांनी घसा खाकरला. “एकदा एक न्हावी दातांच्या डॉक्टरकडे जातो...” बाबांनी स्क्रीनवरून नजर न हलवता हात वर केला. “थांब रे, हा जोक गेल्याच महिन्यात सांगितलास!” सगळे एकदम हसले, बाबांसकट.