दातांत धरायचा प्लग

"प्लग दातांत धरावा, हात मोकळे राहतात," आमचे हे शिडी चढताना सांगायचे. मला शिसारी यायची. डिशचा सिग्नल मोजायच्या मीटरच्या त्या प्लगच्या पिनांना कायम किडक्या दाढेचा वास असायचा.

गच्चीवरची डिश अर्धी लावून झाली आणि हे अंथरुणाला खिळले. "तेवढी पुरी करशील?" कायमचे डोळे मिटण्याआधी यांनी विचारलं. मी "करीन" म्हटलं. दिलेला शब्द मला व्रतासारखाच. पण तो प्लग आठवला की पाय मागे सरायचे.

आज यांचं सिग्नल मीटर धाकटे भाऊजी कॉम्प्युटरला जोडत बसले होते. "वहिनी, सीरियल केबल बदलली, सेटिंग बदललं, तरी तोंड उघडत नाही. अगदी दादासारखं रुसलंय!"

मी प्लग पाहिला. ओला होता. स्पिरिटने पुसला, तर डोळ्यांदेखत पिनांना पुन्हा लाळ सुटली, कोमट आणि चिकट. तोच वास.

"शी!" म्हणत भाऊजींनी केबल उपटून फेकली. तेव्हा कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर अक्षरं उमटली.

"डिश अर्धीच आहे."

भाऊजींचं हसू मावळलं. मी ओला प्लग उचलला, मीटर गळ्यात अडकवलं आणि शिडीपाशी गेले. चढायला दोन्ही हात मोकळे हवेत. देवाचं नाव घेतलं आणि तोंड उघडलं.