पुढे एक्केचाळीस माणसं

“एक्केचाळीस,” बाईसाहेबांनी जाहीर केलं.

बाईसाहेब म्हणजे बाबाची नऊ वर्षांची लेक. कानांवर निळे हेडफोन, मुठीत बाबाच्या शर्टाचं टोक. आकाशपाळण्याच्या रांगेत आपल्या पुढे किती डोकी उरली, ते त्या मोजत होत्या. शेजारच्या फलकावर ‘येथून ४५ मिनिटे’ असं लिहिलेलं होतं, पण मघाच्या फलकावरही पंचेचाळीसच होतं. तिकडे बघायचंच नाही, असं बापलेकीचं ठरलेलं. मिनिटांचं काय, मोठी माणसं तोंडाला येतील तेवढी सांगतात. डोकी मात्र कमी होताना डोळ्यांना दिसतात.

गेल्या सुट्टीत याच रांगेतून बाबा तिला खांद्यावर टाकून बाहेर घेऊन गेला होता. ती किंचाळत होती, पाय झाडत होती, आणि लोक वाट करून देताना अशा नजरेने बघत होते की पुढे वर्षभर त्याने या बागेचं नाव काढलं नाही. नाव तिनेच काढलं, आणि मग रोजच काढलं. आज रांगेच्या टोकापर्यंत पोचायचं, एवढंच त्याचं मागणं होतं.

पुढे एक जाडजूड गृहस्थ एकटेच उभे होते. एवढ्यात त्यांची बायको दोन पोरांना घेऊन आली, तिघंही कठड्याखालून वाकून आत शिरली आणि गृहस्थांजवळ जाऊन उभी राहिली.

“चव्वेचाळीस,” बाईसाहेब म्हणाल्या. मग पुन्हा मोजलं. “चव्वेचाळीस. चुकलं.”

शर्टाचं टोक पिळायला सुरुवात झाली. तिच्या घशातून बारीक गुणगुण निघाली, गेल्या सुट्टीत किंचाळण्याआधी निघाली होती तीच. त्याने पुढे होऊन गृहस्थांना गाठलं. त्यांचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. पोरांना लघवीला नेलं होतं, आपण जागा धरून ठेवली होती, सगळेच असं करतात. बाबाही आजवर असंच करत आला होता.

“माझी मुलगी स्वमग्न आहे,” तो म्हणाला. “आकडा कमी होतोय तोवर ती उभी राहू शकते. वाढला की नाही राहता येत तिला.”

गृहस्थांनी मागची लांबलचक रांग बघितली. एवढा वेळ उभं राहून आता शेपटाला जायचं का, असं काहीतरी ते पुटपुटले. त्यांच्या बायकोची नजर मात्र लेकीच्या मुठीतल्या शर्टावर गेली होती. तिने नवऱ्याला कोपराने ढोसलं, शेपटाला कशाला, यांच्या मागे उभं राहू म्हणाली, आणि चौघं बापलेकीच्या मागे आली. गृहस्थ थोडा वेळ घुश्श्यात होते.

“चाळीस.” गुणगुण थांबली. आकडा एकदम चाराने उतरलेला बघून बाईसाहेबांनी जागच्या जागी दोन उड्या मारल्या. बाबाला त्या बाईंचे पाय धरावेसे वाटले. प्रत्यक्षात तो नुसता मान हलवून हसला.

मग आकडा उतरतच राहिला. एकोणतीसला पाणी पिऊन झालं. सोळाला बाबाच्या गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली. पाचाला यंत्राचा घरघराट जवळ आला, तेव्हा तिने दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले, पण ती उभी राहिली.

पिवळ्या रेघेपाशी पाळणेवाल्याने पुढच्या जोडप्याला शेवटच्या पाळण्यात बसवलं. आता एकच जागा आहे, कोणी एकटं असेल तर या, असं तो म्हणाला. आम्ही दोघं पुढच्या फेरीला बसू, असं सांगून बाबा मागे सरकला.

“एक,” बाईसाहेब म्हणाल्या आणि बाबाच्या पाठीत बोट खुपसलं.

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तिला धक्का लागू नये म्हणून तो पहिल्यापासून तिच्या पुढे उभा होता. त्याचंही डोकं तिने मोजलं होतं.

“अगं, आपण बरोबर बसणार होतो ना?”

“एक जाणार. मग शून्य. मग मी.” तिचा आवाज चढायला लागला. “बाबा, तू जा.”

गर्दीत त्याने तिला आजवर एक क्षण एकटं सोडलं नव्हतं. सोडावं तर जीव टांगणीला, न सोडावं तर इतका वेळ टिकलेलं सगळं इथेच कोसळणार. त्याने मागे बघितलं.

“जा तुम्ही,” मागच्या बाई म्हणाल्या. “मी आहे. हात नाही लावणार तिला, नुसती इथे उभी राहते.”

लेकीने आपणहून त्याच्या शर्टाचं टोक सोडलं. बाबा जाऊन बसला. दांडी खाली आली, पाळणा हलला. उंचावर गेलं की त्याला गरगरायचं, पण आज त्याच्या ते लक्षातच आलं नाही. तो मान वळवून वळवून खाली बघत होता. पिवळ्या रेघेवर निळे हेडफोन घातलेली त्याची पोर ताठ उभी होती. तिने वर बघितलंही नाही. समोर आता कोणी नव्हतं, आणि तिथल्या मोकळ्या जागेकडे ती खुशीत बघत होती. बाबाचे डोळे भरून आले.

“काका, पहिल्यांदाच बसताय वाटतं?” दांडीवरची त्याची पांढरी पडलेली बोटं बघून शेजारच्या जोडप्यातल्या मुलीने विचारलं.

त्याने खाली बोट दाखवलं. “ती पहिल्यांदाच एकटी उभी आहे.”

मुलगी वाकली, मग तिच्या पलीकडचा मुलगाही वाकला. पाळणा खाली येईपर्यंत त्या तिघांपैकी कोणीही देखावा बघितला नाही.