तिसरी तक्रार

तासभर झाला, तरी एसी एकदाही बंद पडला नाही. एसी दुरुस्तीला आलेला श्रीशैल विडी घरकुल या विडी कामगारांच्या वस्तीतल्या दोन खोल्यांच्या घरात स्टुलावर बसून होता. बाहेर मे महिन्याचं ऊन पेटलं होतं आणि आत मशीन शहाण्या मुलासारखं चालत होतं.

"बघ की, नीट चालतंय न्हवं?" रत्नम्मा म्हणाली. साठीची ती बाई मघापासून दारातच उभी होती. बस म्हटलं तरी बसत नव्हती.

नीट चालत होतं, हीच तर अडचण होती. तिचा मुलगा अमृत पुण्याला नोकरीला. मागच्या उन्हाळ्यात विड्या वळता वळता ती चक्कर येऊन पडली, तेव्हा त्यानं हा एसी बसवला आणि विड्या वळणं सोडण्याची शपथ आईकडून घेतली. एसी कधी लागतो, कधी बंद होतो, ते त्याला पुण्यात मोबाईलवर दिसायचं. दिवसातून वीस-पंचवीस वेळा बंद-चालू होतो, अशी त्याची ही तिसरी तक्रार. पहिल्या मेकॅनिकनं गॅस भरला, दुसऱ्यानं सेन्सर बदलला. आजार रेड्याला आणि औषध पखालीला. या वेळी अमृतनं दुकानात सांगितलं होतं, घरकुलाकडचाच कुणी माणूस पाठवा. आणि एवढ्यानंही जमलं नाही तर मशीन काढून न्या, आईला मी पुण्याला आणतो.

श्रीशैलचा जन्म याच वस्तीतला, तीन गल्ल्या सोडून. त्यानं तक्रारीचा कागद पुन्हा वाचला. खाली एक जादा ओळ होती. फक्त दुपारी एक ते दीड सलग चालतो. असला बिघाड त्यानं कधी पाहिला नव्हता. त्यानं एसीचं झाकण उघडून जाळी काढली. आठच दिवसांपूर्वी धुतलेली जाळी तपकिरी भुकटीनं भरली होती. त्यानं ती नाकाजवळ नेली आणि त्याला शिंक आली.

तंबाखू.

त्याला त्याची आई आठवली. बसम्मा चाळीस वर्षं विड्या वळत होती, आणि त्या चाळीस वर्षांत घरातला पंखा फक्त जेवताना लागायचा. एरवी लावला की सुपातली तंबाखू उडायची, भिजवलेली पानं वाळून वळताना फाटायची. पोरं घामानं निथळायची आणि पंख्याकडे बघत बसायची. विडीच्या घरात वाढलेल्या कुणालाही हे शिकवावं लागत नाही.

त्यानं खाली वाकून कॉटवरून लोंबणारी चादर थोडी उचलली. मागे सूप होतं, कात्री होती, ओल्या पोत्यात गुंडाळलेली पानं होती.

रत्नम्मा आता बसली. जमिनीवरच बसली.

"अमृतला सांगू नको, बाळा."

"शपथ घेतली होती न्हवं, मावशी?"

"घेतली की. माज्यासाठी न्हाय वळत मी." तिनं भिंतीकडे हात केला. "पलीकडं बजाबाई हाय. संक्रांतीला लकव्यानं तिचा उजवा हात गेला. तिच्या नावावर कारखान्यात विड्या गेल्या न्हाईत की नाव कटतंय. दिवाळीपातूर टिकलं तर पेन्शन हाय तिला. मागं पुढं कोण न्हाय तिचं." थोडं थांबून ती म्हणाली, "अमृत बारावीला होता तवा मी टायफाईडनं पडले. दीड महिना माज्या वाटणीच्या तिनं वळल्या. अमृतला पत्ता न्हाय."

पुण्यात पोराला एसी चालू दिसला पाहिजे म्हणून ती लावायची. तंबाखू उडाली की बंद करायची. पोराला काळजी नको म्हणून परत लावायची. पण आपली ही धडपड, दर बंद-चालूसकट, मोबाईलवर उमटते, हे तिच्या गावीही नव्हतं.

खरं सांगितलं तर ही बाई पुण्याला जाणार आणि बजाबाईचं नाव कटणार. त्यानं जाळी धुऊन बसवली. एसीच्या पट्ट्या वर छताकडे वळवल्या, वारा अगदी कमी केला. मग कॉटखालचं सूप स्वतःच बाहेर ओढलं आणि खिडकीजवळच्या कोपऱ्यात ठेवलं. चिमूटभर तंबाखू त्यात पसरून तो उकिडवा बसला. दोन मिनिटं गेली. एक कणही हलला नाही.

"मावशी, हितंच बसायचं. पानांवर ओला पंचा टाकायचा. आणि रिमोटला हात लावायचा न्हाय."

तिनं सुपावर तळहात धरून बघितला. गारवा लागत होता. मग पदरानं डोळे पुसले.

श्रीशैलनं तिच्यासमोरच पुण्याला फोन लावला. खोटं काय बोलायचं, ते त्यानं ठरवून ठेवलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"साहेब, झालं काम. हवेची दिशा चुकली होती, म्हणून मशीन सारखं बंद पडत होतं. आता दिवसभर चालेल."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"फोन स्पीकरवर नाही ना?" अमृतनं विचारलं.

"नाही."

"मी काय विचारतोय ते आईला कळू देऊ नका," तो हळू आवाजात म्हणाला. "आता तंबाखू उडत नाही ना?"