विसाव्यावरचं अर्धं वळण

वडिलांना, रतिलालभाईंना, स्मशानात पोचवून दिपाली घरी परतली. भाऊ नव्हता, म्हणून खांदा तिनेच दिला होता. तिची आई, निर्मलाबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या.

“पाय पुढे करीसन चालना ग्यात. एकदाव बी मांगे वळी दखं नही.”

दिपाली शाळेत भूमिती शिकवायची. तिने दिव्याजवळची एक आगकाडी आईपुढे ठेवली, काडीचं डोकं आईकडे. मधोमध बोट टेकवलं आणि काडी अर्धी फिरवली.

“अर्धी वाटवर विसावा लेतंस, तठे तिरडी अशीच फिरावतंस, माय. मधला बिंदू जागावरच ऱ्हास. पन डोकं व्हतं तठे पाय उनात, पाय व्हतात तठे डोकं. पाय घरकडे, म्हंजे नजर बी घरकडेच. तठून आपलं दार दिखस.”

निर्मलाबाईंनी काडी उचलून तळहातावर घेतली. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा निवळला. आता माय दोन घास खाईल, असं दिपालीला वाटलं.

मग दाराकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, “अन् तवय मी दारमा नव्हतू वं. घरमा पदरमा तोंड खुपसी बसेल व्हतू.”