शेतमालक समक्ष हजर

"बाई, वाचता येतं ना? मग वाचा!" कारकुनाने कागद खिडकीच्या काचेवर थापला. "नुकसान आढळले नाही. विषय संपला."

पुरानंतरच्या सरकारी मदतीची यादी सकाळीच भिंतीवर लागली होती. यादीत नाव नसलेली माणसं तेव्हापासून त्याच्या खिडकीवर तुटून पडली होती. साहेब आत पंख्याखाली, आणि शिव्या खायला हा. त्याचं डोकं भणभणत होतं.

बाई जागची हलली नाही. "चार एकर मका होता. आज तिथे गुडघाभर वाळू आहे. चला, दाखवते."

"मी कशाला येऊ? पाहणी झालीय. अकरा तारखेला, सकाळी दहा वाजता." त्याने कागदावर बोट आपटलं. "आणि हे बघा. 'शेतमालक समक्ष हजर. निष्कर्ष मान्य.' खाली तुमच्या नवऱ्याची सही! घरचा धनी मान्य म्हणतोय, आणि तुम्ही इथे येऊन आमच्या नावाने खडे फोडताय. त्यांनाच पाठवा. मी बोलतो त्यांच्याशी."

रांगेत मागे उभा असलेला एक म्हातारा खाली बघू लागला.

"नऊ तारखेला गोठ्यातली गुरं सोडायला गेले होते," बाई म्हणाली. तिचा आवाज जराही चढला नाही. "अकराला सकाळी दहा वाजता पुलाच्या कमानीत सापडले. या रांगेतल्याच माणसांनी बाहेर काढलं. कुठून पाठवू त्यांना?"

कारकुनाने कागदावरची तारीख पुन्हा वाचली. मग सकाळपासून तिच्यावर, रांगेवर, सगळ्या गावांवर धुमसणारा त्याचा राग गर्रकन फिरला. तो कागद घेऊन उठला आणि दार न ठोठावता साहेबांच्या खोलीत घुसला.

"मेलेल्या माणसाची सही केलीय, साहेब! शेताकडे कुणी फिरकलं नाही. इथेच बसून कागद रंगवले हरामखोरांनी! एकेकाला आत टाकलं पाहिजे!"

साहेबांनी चहाचा घोट घेतला. चष्मा लावला. कागद सावकाश त्याच्याकडे फिरवला.

"ओरडू नकोस. सहीच्या खालचं वाच."

'सही माझ्यासमक्ष झाली. साक्षीदार.' आणि पुढे त्याचीच सही, लांब शेपटीची.

त्याला तो गठ्ठा आठवला. कागद वर पाठवायचा शेवटचा दिवस होता, घरी जायची घाई होती. दीडशे कागद त्याने पाऊण तासात हातावेगळे केले होते. एकही वाचला नव्हता.

"कळलं?" साहेब म्हणाले. "त्या बाईला गोड बोलून वाटेला लाव. पुढच्या यादीत बघू म्हणावं. तुझंही झाकलेलं राहील."

त्याने टेबलावरचा कागद उचलला आणि तो खिडकीशी परतला. बाई तिथेच उभी होती. त्याने एक कोरा कागद आणि आपलं पेन काचेखालून बाहेर सरकवलं.

"तक्रार लिहा, ताई," तो म्हणाला. "खोटी सही करणाऱ्यांत पहिलं नाव माझं घाला."