साक्षगंधाआधीची तपासणी

“आधी रक्त तपासा, मग साक्षगंध,” देवराव म्हणाला, आणि पाहुण्यांचा चहा हातातच राहिला.

त्याच्या मुलीशी, वच्छलेशी, साखरपुडा ठरत असलेला खुशाल गडचांदूरला चुनखडीच्या खाणीत कामाला होता. सहा जणांत एक खोली. दिसायला साधा, बोलायला नम्र. पण देवरावाचा जीव चार दिवसांपासून थाऱ्यावर नव्हता. चामोर्शीच्या बाजारात नर्सबाईंनी पडदा लावून चित्रं दाखवली होती. घर सोडून राहणारे मजूर, गुप्तरोग, शहरात आलेला तो नवा एड्स. अंगावर काही दिसत नाही, रोग रक्तात दडून बसतो, असं बाई म्हणाल्या होत्या.

“लग्नाआधी मी अहेरीकडे बांबूकटाईत तीन वर्सं काढली,” तो खुशालच्या वडिलांना, लहानूला म्हणाला. “बाहेर राह्यलेली मानसं काय काय करतात, पाह्यलं हाय मी. मले नका शिकवू.”

लहानू तावातावाने उठला. खुशालने त्याला हाताला धरून खाली बसवलं.

“देतो मी रक्त,” तो म्हणाला. “पन मंग वच्छलेचंबी द्या.”

“माह्या पोरीचं काऊन? ती उंबऱ्याबाहेर गेली नाई कधी!”

“देते ना बाबा,” आतून वच्छला म्हणाली. “सुईच तर हाय.”

वच्छलेच्या आईला, बायनाबाईला, हे काहीच पटत नव्हतं. दोन लेकरं पोटातच गेल्यावर ही एक जगली होती, तीही नाजूक. सारखे डोळे लाल होऊन पाणी गळायचं. एवढं चांगलं स्थळ पुन्हा कुठून येणार?

“मोडंल सोयरीक तुमच्या या कारभारानं,” ती पाहुणे गेल्यावर म्हणाली.

“मोडली तं मोडली. पोरगी रोगाच्या घरी नाई देनार मी.”

जिल्ह्याच्या दवाखान्यात दोघांचं रक्त घेतलं गेलं. आठ दिवसांनी बोलावलं. त्या आठ दिवसांत देवरावाला अन्न गोड लागलं नाही.

डॉक्टरांनी खुशालची चिठ्ठी त्याच्या हातात दिली. “एकदम साफ. जा तुम्ही.”

देवरावाला खरोखर लाज वाटली. त्याने सगळ्यांदेखत लहानूपुढे हात जोडले. बापलेक बाहेर गेले, तसं डॉक्टरांनी दार लोटून घेतलं.

“मुलीच्या रक्तात गुप्तरोग आहे.”

देवराव वच्छलेवर धावून गेला. सगळ्या गावात ताठ मानेने फिरलेला माणूस तो.

“कोन हाय तो? नाव सांग!”

“कोनी नाई बाबा. आईची आन, कोनीच नाई.”

त्याने हात उगारला. डॉक्टरांनी तो वरच्यावर धरला आणि वच्छलेला खुर्चीवर बसवलं. बॅटरी लावून तिचे डोळे पाहिले. तोंड उघडायला सांगून पुढचे दोन दात बराच वेळ न्याहाळले. दोन्ही दातांच्या कडांना खाच होती.

“हिच्याआधी मुलं गेली होती का?” त्यांनी बायनाबाईला विचारलं.

“दोन. दिवस भरायच्या आधीच.”

डॉक्टरांनी बॅटरी खाली ठेवली.

“पोरीचा काही दोष नाही. सुया घेतल्या की रोग थांबेल. हा तिला कुणापासून लागलेला नाही, ती जन्मलीच हा घेऊन. आईच्या पोटात असताना लागतो तो.”

देवराव बायनाबाईकडे वळला. तिच्याकडे इतक्या तिरस्काराने त्याने वीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं.

“तिच्याकडे काय बघता?” डॉक्टर म्हणाले. “आधी तुमची बाही वर करा.”